दोनशे, म्हणजे सर्व ठीक

खोटं बोलणं पाप खरं. पण ते यंत्राकडून बोलवून घेतलं तर कोणाच्या खात्यावर जमा होतं? प्रश्न चित्रगुप्ताचा, पण पडला मला.

संगणकांचं आपसातलं बोलणं मोठं प्रामाणिक. काम झालं तर 200, मागितलेली वस्तू सापडली नाही तर 404, आणि आपलंच पोट बिघडलं तर बिनदिक्कत 500! एवढी कबुली मी उभ्या जन्मात कोणाला दिलेली नाही. एकदा आमची वेबसेवा सारखी 500, 500 करू लागली. साहेब म्हणाले, "लाल दिवा दिसता कामा नये." मी एक ओळ बदलली. अर्ज बुडाला तरी उत्तर 200! दिवे हिरवे झाले, साहेबांनी चहा पाजला. त्याच आठवड्यात 'व्यावसायिक सचोटी'च्या सक्तीच्या प्रशिक्षणात मला दहापैकी दहा गुण पडले. (चित्रफीत मी आवाज बंद करून, पोहे खात पाहिली, हे ओघानं आलंच.)

पुढे आईचा विम्याचा अर्ज नेमका आमच्याच सेवेतून जायचा होता.

"पोचला का रे?"

पडद्यावर हिरवी खूण होती. "पोचला म्हणतंय."

"ते म्हणू दे. तू सांग."

मी चष्मा पुसायला घेतला.