आधी अँपिअर, मग आवाज

रायपूरला गणेश विसर्जनाच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, रात्रभर चालतात. सदर बाजार, कंकाली पारा, पुरानी बस्ती, मग स्वातंत्र्यसैनिक वामनराव लाख्यांच्या नावाचे लाखेनगर, अशी वळणे घेत त्या खारून नदीवरच्या महादेव घाटाकडे सरकतात. मिरवणूक म्हटली की धुमाल आलाच. नागपूरकरांना धुमाल समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की मालवाहू गाडीवर बेंजो, झांज, ढोल आणि पॅड वाजवणारी मंडळी असतात आणि त्यांच्या भोवती स्पीकर रचलेले असतात. बघ्यांचे लक्ष त्या स्पीकरकडे जाते. पण या आवाजाचा उगम बघायचा तर डिझेलचा जनरेटर कुठे धडधडतो आहे ते शोधावे. गाडीच्या स्वतःच्या विजेवर इतका आवाज निघत नाही, हे धुमालवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

पुरानी बस्तीच्या गल्लीतून आपली छोटी गाडी बाहेर काढणाऱ्या तरुणाला तसलाच ठोका डिकीतून हवा असतो. त्याच्याकडेही जनरेटर आहे. तो बॉनेटखाली पट्ट्यावर फिरतो आणि त्याला अल्टरनेटर म्हणतात. गाडीतला आवाज तिथे सुरू होतो आणि स्पीकरपाशी येऊन संपतो. खरेदी मात्र नेमकी उलट्या टोकाने होते: आधी वूफर, मग अँप्लिफायर, मग हाताला लागेल ती वायर. अल्टरनेटरची आठवण सगळ्यात शेवटी, गाडी बंद पडल्यावर. पुढचे सगळे निरूपण हा क्रम सुलटा करण्यासाठी आहे.

पहिले लक्षण बहुतेकांनी पाहिलेले असते. नवा वूफर बसला, गाणे लागले, आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होऊ लागले. दुकानदार म्हणतो, ‘बॅटरी कमजोर आहे.’ बॅटरी बदलली जाते, चार दिवस बरे जातात आणि दिवे पुन्हा डोळे मिचकावू लागतात. याचे कारण दिव्यांतच दिसते. हॅलोजन दिव्याचे व्होल्टेज 10 टक्के उतरले तर उजेड सुमारे 30 टक्के उतरतो. म्हणजे दिवा मंदावतो तेव्हा सबंध गाडीचेच व्होल्टेज खाली आलेले असते. एलईडी हेडलाइटमध्ये आतले सर्किट उजेड सांभाळून घेते, त्यामुळे तिथे दिवे स्थिर दिसले म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये.

व्होल्टेज का उतरते? इंजिन चालू असताना गाडीचा सारा विजेचा खर्च अल्टरनेटर भागवतो. तो घरातला कमावता आणि बॅटरी ही गाठीची शिल्लक. खर्च कमाईच्या आत असेल तोवर शिल्लकेला हात लागत नाही. खर्च वर गेला की शिल्लक मोडावी लागते, आणि मोडलेली शिल्लक भरून काढायची तीही पुन्हा कमाईतूनच. मीटर लावला तर हा हिशेब उघडा पडतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाले की साध्या अल्टरनेटरच्या गाडीत आकडा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान जातो. गाणे जोरात लावल्यावर तो 12.6 च्याही खाली उतरत असेल, तर गाडी कमाईवर नाही, शिल्लकेवर चालली आहे. बॅटरी बदलणे म्हणजे शिल्लक नव्याने टाकणे. कमाई तेवढीच राहते, म्हणून सुख चार दिवसांचे.

आता खर्च मोजू. समजा 1000 वॉट आरएमएसचा अँप्लिफायर आहे. क्लास डी जातीचा असेल तर घेतलेल्या विजेपैकी सुमारे 80 टक्के तो स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे 1000 वॉट द्यायला तो 1250 वॉट घेणार. त्याला 13.8 ने भागले की 90 अँपिअर होतात. जुन्या क्लास एबी जातीचा असेल तर तेवढ्याच आवाजाला 130 च्या आसपास. गाडीचा स्वतःचा खर्च वेगळाच: इंधनपंप आणि इंजेक्शन, दिवे, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा. उन्हाळ्यातल्या रात्री हे सगळे मिळून 40 अँपिअरपर्यंत सहज जाते. आणि छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर असतो साधारण 60 ते 90 अँपिअरचा. मधला 75 चा धरा. कमाई 75, खर्च 130.

इथे कोणी म्हणेल, गाणे काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नसते. बरोबर आहे. साध्या गाण्यात सरासरी खर्च कमालीच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे 90 च्या जागी 30 धरू. 40 आणि 30 मिळून 70, हिशेब कसाबसा बसतो. ठोके सलग पडणाऱ्या धुमाली वाजवण्यात सरासरी बरीच वर जाते, ते सोडून देऊ. पण 75 हा आकडाच मुळात पुरा खरा नाही. अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर त्याचा गाभा मिनिटाला सुमारे 6000 फेरे घेत असतानाचे असतात. इंजिन आयडलला 800 फेरे घेत असेल, तर पुलीच्या गुणोत्तराने अल्टरनेटर 2000 ते 2400 फेऱ्यांवर असतो आणि नावावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच वीज देतो. पुरानी बस्तीतल्या महामाया मंदिराच्या बाजूला गर्दीत गाडी अडकली की एसी चालू, पंखा चालू, गाणे चालू, आणि कमाई निम्मी. भिलाईच्या मोकळ्या रस्त्यावर न येणारी तक्रार वस्तीच्या गल्लीत येते ती यामुळे. वर रायपूरचा मे महिना. पारा 44-45 वर, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तांबे तापले की दर अंशाला त्याचा रोध सुमारे 0.4 टक्के वाढतो, आणि अल्टरनेटर आतून तांब्याचाच गुंडाळा आहे. अँबॅसिडर-फियाटच्या डायनॅमोचा काळ ज्यांना आठवतो त्यांनी आयडलला दिवे पिवळे पडताना पाहिले आहेत. अल्टरनेटरने ती अडचण कमी केली, संपवली नाही.

मग मोठा अल्टरनेटर बसवला की झाले? तिथवर जाण्याआधी वाटेतली गळती बघायला हवी. बॅटरीपासून डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत सुमारे 5 मीटर वायर लागते. 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून 100 अँपिअर नेले तर एवढ्या अंतरात जवळपास 1 व्होल्ट वायरमध्येच जातो आणि सुमारे 95 वॉटची उष्णता गालिच्याखाली तयार होते. 50 चौरस मिलिमीटरची घेतली तर तोच तोटा 0.2 व्होल्टवर येतो. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक. एक तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली की खात्री होते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरात, 45 सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँप्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये, एवढेच त्याचे काम.

आणि जितकी वीज जाते तितकीच परतही यावी लागते, हे सगळ्यात जास्त विसरले जाते. लाल वायर जाडजूड घेणारे लोक काळी वायर जवळ दिसेल त्या स्क्रूला अडकवतात. अर्थिंगची जागा निवडून तिथला रंग आणि प्रायमर पार उघड्या पत्र्यापर्यंत घासावा, नीट दाबून बसवलेले थिंबल दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळावे आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस किंवा रंग लावावा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नये. तो जीव वाचवायला आहे. काम कसे झाले हे अंदाजाने ठरवायचे कारण नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी अँप्लिफायरच्या ऋण टोकाला लावावी आणि ठोका पडताना आकडा बघावा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टकडे जात असेल तर तुम्ही पैसे देऊन आणलेली वीज गंजलेल्या स्क्रूत जळते आहे.

बॉनेटखालीही असेच तीन दुवे आहेत: अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत, बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत. कंपनीने या वायरी कंपनीच्या खर्चापुरत्याच जाडीच्या दिलेल्या असतात. त्यांच्या जोडीला जाड वायरी टाकणे हे सुधारणेचे पहिले आणि सर्वांत स्वस्त काम. धन बाजूच्या नव्या वायरीला तिचा फ्यूज हवा. अलीकडच्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर विजेची ये-जा मोजणारा सेन्सर असतो आणि त्यावरून गाडीचा संगणक अल्टरनेटरला हुकूम सोडतो. तिथे नवी वायर थेट टोकाला न लावता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावावी. नाहीतर संगणकाचा हिशेब चुकतो.

एवढे करूनही कमी पडत असेल तर मोठा अल्टरनेटर. पण तोही हवेतून वीज काढत नाही. 14 व्होल्टला 150 अँपिअर म्हणजे 2100 वॉट. पट्टा आणि अल्टरनेटर यांतला तोटा धरता इंजिनकडून त्यासाठी साडेतीन किलोवॉटच्या घरात, म्हणजे जवळपास 5 अश्वशक्ती लागते. आयडलला चालणाऱ्या छोट्या इंजिनाला हे ओझे जाणवते, पट्टा घसरतो, किंचाळतो. डिकीतल्या ठोक्याचा माग काढत गेलात तर शेवटी पेट्रोलच्या टाकीपाशी पोचता.

दुसरी बॅटरी? थांबलेल्या गाडीत गाणी ऐकायची असतील तर उपयोगाची. पण ती शिल्लक आहे, कमाई नव्हे. उलट तिलाही भरायचे काम त्याच अल्टरनेटरवर येते. डिकीत ठेवायची तर एजीएम जातीची, हवाबंद. साध्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

आणि निळ्या आकड्यांचा, चकचकीत कपॅसिटर? त्याचा हिशेब अगदी थोडक्यात होतो. 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 व्होल्टवरून 12.6 पर्यंत उतरताना सुमारे 24 जूल ऊर्जा देतो. अँप्लिफायर सेकंदाला 1250 जूल मागतो. म्हणजे कपॅसिटर पुरला सेकंदाचा पन्नासावा भाग. 40 हर्ट्झच्या ठोक्यातले एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. एक आवर्तनही पुरे होत नाही तोच तो रिकामा. दिव्यांचे मिचकावणे तो जरा मऊ करील, पण कमाईतली तूट त्याने भरत नाही.

कमाईचा विचार इतका केल्यावर काटकसरीचाही करायला हवा, कारण आवाजाचा बाजारभाव फार महाग आहे. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतका. ऐकणाऱ्याला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात, आणि अँपिअरही दहापट. याउलट जो स्पीकर तेवढ्याच वॉटला 3 डेसिबल जास्त देतो, तो अल्टरनेटरला हात न लावता अँप्लिफायर दुप्पट केल्याचे काम करतो. वूफरला मापात बांधलेली पेटी, दारांचे पत्रे थरथरू नयेत म्हणून आतून लावलेले डँपिंग, अँप्लिफायरचा नीट बसवलेला गेन, हे सगळे विजेविना मिळणारे डेसिबल आहेत. माझ्या मते छोट्या गाडीत 300-400 वॉटचा नीट जुळवलेला संच आणि स्वच्छ अर्थिंग हे 1000 वॉटच्या उपाशी अँप्लिफायरपेक्षा कधीही सरस. उपाशी अँप्लिफायर व्होल्टेज कमी पडले की लहरींचे माथे छाटतो, आणि तो कुरकुरीत आवाज वूफरची कॉइलही जाळू शकतो.

आवाज गाडीतच राहावा हेही उघड आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, छत्तीसगडात 1985 चा कोलाहल नियंत्रण कायदा लागू आहे, आणि गाड्यांवर साउंड बॉक्स बांधून फिरणाऱ्यांवर कारवाई करण्यास बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. बंद काचेआड कायदा पोचला नाही तरी कान आपलेच आहेत. 85 डेसिबलला 8 तास हे कानाचे सोसणे धरले, तर दर 3 डेसिबलला ते निम्मे होत जाते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मीटर लावून गाडीची कमाई बघा, आयडलला आणि एसी चालू ठेवून. मग अर्थिंग आणि बॉनेटखालच्या तीन वायरी. मग पूर्ण जाडीची तांब्याची वायर आणि तिचा फ्यूज. त्यानंतर जेवढे अँपिअर शिल्लक उरतील तेवढ्याच वॉटचा अँप्लिफायर. तेही पुरत नाहीत असे वाटले तरच मोठ्या अल्टरनेटरचे पैसे काढा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर त्याआधी वॉरंटीचा कागद नीट वाचा. दुकानदाराने ‘किती वॉटचा देऊ?’ असे विचारले, तर उत्तर देण्याआधी आपल्या अल्टरनेटरवरचा आकडा त्याला सांगा. तो ऐकून ज्याला पुढचा हिशेब मांडता येत नाही, त्याच्याकडून वूफर घेऊ नका.