उरलेल्या निम्म्याचा हिशेब

आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर मराठवाड्यातील आपल्या वडिलोपार्जित शेतावर उस्मानाबादी शेळ्यांचा लहानसा कळप बाळगला आहे, आणि घरच्या कार्याला लागणारा बोकड ते आता बाजारातून आणीत नाहीत. मध्यंतरी बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, की बोकड कापल्यावर मांडी, खांदा, चाप आणि बरगड्या एवढेच आपण घरात नेतो. मुंडी, पाय, वजडी, रक्त, फोफसे हे सारे बांधाकडेला खड्डा खणून पुरून टाकतो. “हाताने वाढवलेल्या जिवाची आतडी ताटात पाहवत नाहीत हो,” असे ते म्हणाले, आणि विषय पुढे गेला. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. ज्या जिवाची मांडी पाहवते त्याचे आतडे पाहवू नये, ही कोणत्या जातीची माया म्हणावी, असा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहू लागला, आणि त्या प्रश्नात प्रथम संतापाचा अंश बराच होता.

मांस खावे की खाऊ नये, हा वाद वाचकांच्या परिचयाचा आहे, आणि त्यातील उभय पक्षांची कैफियत इतक्या वेळा नोंदली गेली आहे, की तिची येथे उजळणी करण्याचे प्रयोजन नाही. ज्याने मांस वर्ज्य केले त्याच्या नावे या खात्यात काही बाकी निघत नाही. माझा प्रश्न सुरी फिरल्यानंतर सुरू होतो. जिवंत बोकडाचे जेवढे वजन, त्याच्या सुमारे निम्मेच मांस आणि हाडे या रूपाने आकड्याला टांगले जाते. उरलेल्या निम्म्यात मुंडी, चार पाय, कातडे, रक्त, पोटातले अवयव आणि पोटात राहून गेलेला चारा येतो. तेव्हा ज्याने केवळ टांगलेला भाग घरात नेला, त्याने अर्ध्या जनावरासाठी सबंध जीव घेतला, असा आरोप त्याच्यावर ठेवता येतो. आणि तो मी माझ्या स्नेह्यांवर मनातल्या मनात ठेवला.

आरोप ठेवल्यावर न्यायबुद्धीने पाहावयाचे, तर या माघार घेण्यात दोन अगदी निराळ्या वृत्ती मिसळलेल्या दिसतात. मुंडी समोर आली की डोळे दिसतात, कान दिसतात, दुपारी हाक मारली असता वळणारी ती मान आठवते. येथे जो संकोच होतो तो ओळखीचा संकोच आहे. वजडी समोर आली असता कोणाची ओळख पटत नाही. तेथे दिसते ते पचन, शेण, ओल आणि वास, म्हणजे आपल्याही पोटात अहोरात्र चालणारे आणि आपण विसरू पाहत असलेले काम. ही किळस. ओळखीच्या संकोचाचे मुख जनावराकडे असते, किळसेचे स्वतःकडे. परीक्षा सोपी आहे: संकोच परिचयाने वाढतो, किळस परिचय असो वा नसो तेवढीच राहते. परक्याच्या बोकडाची मुंडी आवडीने खाणारा गृहस्थ घरच्या बोकडाची मुंडी पाहून पानावरून उठला, तर त्याला खरोखरच काही दुखले असे मी मानीन. परंतु जो परक्याच्याही वजडीला नाक मुरडतो, त्याने घरच्या वजडीपुढे मायेचे नाव घ्यावे, यात किळस करुणेचे वस्त्र पांघरून सभेत येते. माझ्या स्नेह्यांनी वजडी बाजारातूनही कधी घरात आणली नव्हती.

हे मी त्यांना बोलून दाखविले, तेव्हा ते निसर्गाकडे वळले. किळस ही निसर्गाने रोगापासून रक्षणासाठी दिलेली देणगी आहे, आतड्यात घाण असते, रक्त लवकर नासते, आणि शरीराला हे बुद्धीच्या आधी कळते, असे त्यांचे म्हणणे. सडलेल्या पदार्थापुरते ते खरे आहे. पण निसर्गाचा कायदा सर्वांना सारखा लागू असावयास हवा, आणि तसा तो दिसत नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत डुकराचे मांस, काळीज, हृदय, आणि जुन्या रीतीप्रमाणे रक्तही घालून, माडाच्या शिर्क्यात जे सारपातेल शिजते, ते नाताळाच्या आणि लग्नाच्या पंगतीचे भूषण आहे. ते दोनचार दिवस मुरल्यावर अधिक रुचकर लागते, म्हणून आधीच करून ठेवतात. कोल्हापुराकडे रक्ती आणि मुंडी यांवर ताव मारणारे लोक निरोगी आणि धट्टेकट्टे असतात. ज्या गोष्टीला एका गावी मेजवानीचा मान आणि दुसऱ्या गावी खड्डा, तिचा फैसला निसर्गाने केला नसून गावाने केला आहे, हे उघड आहे.

शिवाय अवयवाचे रूप पुरेसे बदलले, की हीच किळस निमूट निघून जाते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, ढोलकीची आणि डफाचीही तीच. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ताणलेली तात आतड्याची असे, आणि तिने पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांवर ज्यांच्या घरात मांसाचे नावही निघत नसे असे लोक सुखाने झोपत. नाद आणि ऊब यांच्या रूपाने आलेल्या अवयवाला आपण कधी त्याचे मूळ विचारीत नाही.

नोर्बेर्ट इलायस या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात युरोपातील शिष्टाचाराचा इतिहास सांगताना या वृत्तीचे मूळ फार मार्मिकपणे दाखविले आहे. मध्ययुगात उमराव घराण्यांच्या मेजवानीत अख्खे जनावर किंवा त्याचा मोठा भाग मेजावर येई, आणि तो सफाईने कापता येणे हे कुलीनाचे कसब समजले जाई. पुढे शतकानुशतके ते कापणे हळूहळू पडद्यामागे, मुदपाकखान्यात आणि खाटकाच्या दुकानात गेले, आणि ताटातील पदार्थ पाहून जनावर आठवू नये हीच सभ्यतेची खूण ठरली. हत्या कमी झाली नाही, ती नजरेआड झाली. आणि किळस समूहाच्या आधाराने उभी असते याचाही पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची तंगी होऊ लागली, तेव्हा हृदय, गुर्दे यांसारखे अवयव गृहिणींनी रांधावेत म्हणून कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. ज्या स्त्रियांनी केवळ व्याख्यान ऐकले त्यांच्यापैकी ३ टक्क्यांनी असा पूर्वी कधी न केलेला पदार्थ घरी केला. ज्यांनी आपसांत बोलून, अडचणी मांडून निर्णय घेतला त्यांच्यापैकी ३२ टक्क्यांनी. उपदेशाने न हटलेली किळस सोबतिणींच्या संगतीत दहापटीने हटली.

येथवर माझा पक्ष मला भक्कम वाटत होता, आणि त्याला आधार म्हणून मी आपल्याकडील वाट्यांची वहिवाटही पुढे केली असती. गावात चारपाच घरे मिळून बोकड कापतात, तेव्हा पानांवर वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडे काळीज, थोडी वजडी, नळीचे हाड, चरबी आणि मांस असे सारखे पडावे याकडे सगळ्यांचे बारीक लक्ष असते, आणि कोणाला केवळ मऊ मांस व कोणाला केवळ आतडी असे होऊ देत नाहीत. जनावराचे संपूर्णत्व अशा रीतीने प्रत्येक घरात जाते. यापेक्षा न्याय्य व्यवस्था मला सुचत नव्हती.

परंतु वाटा घरात गेल्यावर पुढे काय होते, हे एकदा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विचाराच्या ओघात ते सहज निसटते. मुंडी आधी जाळावर धरून केस जाळावे लागतात. तो जळका वास घरभर बसतो. मग सुरीने ती काळी त्वचा खरवडायची, धुवायची, पुन्हा भाजायची. शिंगे मोडून काढायची, कोयत्याने कवटी फोडायची, आणि भेजा विरघळून जाऊ नये म्हणून तो अलगद वेगळा करायचा. पायांचेही असेच. वजडीचा खटाटोप याहून मोठा. पोट चिरून शेण काढायचे, वाहत्या पाण्यात कितीतरी वेळ धुवायचे, मग गरम पाण्यात बुडवायचे. पाणी कोमट असले तर आतला काळसर पापुद्रा सुटत नाही, आणि फार कढत झाले तर तो घट्ट चिकटून बसतो. कोणी चुना लावतात. पांढरे स्वच्छ अस्तर दिसेपर्यंत घासायचे, आणि पोटाच्या ज्या कप्प्यात पुस्तकासारखी पाने असतात ते एकेक पान उलटून धुवायचे. आतडी काडीवर उलटी करावी लागतात. रक्त भांड्यात मीठ घालून आधीच धरलेले असावे लागते. या कामात सबंध सकाळ जाते, आणि त्यानंतर कोठे वाटण वाटायला बसता येते. हे कसब आहे, आणि ज्या हातांना ते येते त्या हातांविषयी मला अपार आदर आहे.

ते हात कोणाचे? हा प्रश्न विचारताच माझ्या पक्षाची इमारत एका बाजूने खचू लागली. मुंडी आवडीने खाणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. वजडीचे पान न् पान उलटून धुणारे फार थोडे. ‘काहीही वाया जाऊ नये’ हे तत्त्व ओसरीवर बोलले जाते आणि मोरीत पाळले जाते, आणि मोरीत बहुधा बाई असते. मग संपूर्ण उपयोगाचा आग्रह धरणारा आणि किळस मानणारा यांच्यात अंतर काय उरले? एकाने घाण खड्ड्यात लोटली, दुसऱ्याने ती आपल्या घरातील स्त्रीच्या हाती लोटली.

आणि हीच रेषा घराबाहेर नेली, तर ती गावाच्या वेशीपर्यंत जाते. गावगाड्यात प्रत्येक अवयवाला आणि प्रत्येक घाणेरड्या कामाला धनी नेमलेला होता. बोकड कापावयाचा मुलाण्याने, आणि मेलेले ढोर ओढून न्यावयाचे महाराने. त्या ढोराच्या मांसाला हक्क हे नाव देऊन ते त्याच्या पदरात टाकले जाई. गावाच्या दृष्टीने येथेही काहीच वाया जात नव्हते. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, त्याला किळस म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. इतरांच्या किळसेचा भार वाहण्याचा तो नकार होता, आणि तो भार हक्क म्हणून लादलेला असल्यामुळे त्या नकाराला बंडाची प्रतिष्ठा होती. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांतील अन्नाची नोंद केली आहे, तिच्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की रक्त आणि आतडी यांची उत्तम पाककला ज्या घरांनी जोपासली, त्या घरांना तिच्याबद्दल हीनत्वच मिळाले. आता तेच अवयव मोठ्या शहरांतील महागड्या उपाहारगृहांत शहाणपणाची निशाणी म्हणून मांडले जातात. वस्तू तीच, ताट बदलले.

म्हणून ज्या आरोपाने मी आरंभ केला तो मला जसाच्या तसा ठेवता येत नाही. जनावराचा प्रत्येक अवयव खाल्लाच पाहिजे, असे ऋण मारणाऱ्यावर असते, हे मला आता पटत नाही. जिभेवर सक्ती करता येत नाही, आणि करू नये. मारणाऱ्यावर जे ऋण असते ते हातांचे आहे: आपण मारलेल्या जिवाचा कोणताही भाग आपल्या हाताखालून गेल्यावाचून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. या कसोटीवर माझ्या स्नेह्यांचा खड्डा पाहिला, तर तो निराळा दिसू लागतो. तो खड्डा ते स्वतः खणतात. रक्ताचे भांडे आणि आतड्यांचे घमेले स्वतः उचलून नेतात. गड्याला ते काम सांगत नाहीत. रक्त आणि आतडी मातीत जाऊन त्यांचे खत होते, आणि शेतकऱ्याच्या जमाखर्चात खत ही नासाडी नव्हे. त्यांच्या किळसेने मायेचे नाव घेतले ते खोटेच होते, असे मी अजूनही म्हणेन. परंतु त्यांच्या किळसेने दुसऱ्या कोणाचे हात घाण केले नाहीत, आणि बायकोने घासून दिलेली वजडी चवीने खाणाऱ्याला हे म्हणता येणार नाही.

एक मागणी मात्र मी सोडत नाही. घरी जनावर वाढविणाऱ्याने निदान एकदा तरी त्याची मुंडी स्वतः भाजावी आणि वजडी स्वतः धुवावी, मग हवे तर पुन्हा कधी खाऊ नये. ओळखीचा संकोच त्या कामातूनही टिकून राहिला, तर त्याला मान द्यावा, आणि कदाचित तो त्या माणसाला सुरीच खाली ठेवावयास लावील. किळस मात्र बहुतेक त्या पाण्यातच वाहून जाईल, आणि न गेली तरी तिची किंमत काय ते तिच्या धन्याला कळलेले असेल. ज्याने हे केले नाही, त्याने इतरांना पूर्ण उपयोगाचा उपदेशही करू नये आणि इतरांच्या ताटाला नाकही मुरडू नये. कारण दोहोंचाही अधिकार मोरीतल्या त्या सकाळीच मिळतो, आणि तो दुसऱ्याच्या हातून मिळविता येत नाही.