तालपुटाचा प्रश्न आणि कोसळती भिंत

संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात तालपुट नावाच्या नटाची गोष्ट आहे. हा एका नटमंडळीचा नायक. तो बुद्धांकडे येतो आणि आपल्या धंद्यात पूर्वापार चालत आलेली एक समजूत त्यांच्यापुढे मांडतो. रंगमंचावर खरे-खोटे करून जो नट लोकांना हसवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जन्म घेतो, हे खरे आहे का? बुद्ध म्हणतात, हे विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो, पुन्हा तेच उत्तर मिळते. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र बुद्ध स्पष्ट सांगतात की असा नट देवलोकात जात नाही, नरकात जातो. कारणही देतात. प्रेक्षक आधीच आसक्ती, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात; नट त्यांच्यापुढे नेमक्या अशा गोष्टी मांडतो की ही बंधने आणखी आवळली जावीत; स्वतः मत्त आणि बेसावध होऊन तो इतरांनाही तसेच करतो. हे ऐकून तालपुट रडू लागतो. तुमचे उत्तर कठोर आहे म्हणून मी रडत नाही, असे तो म्हणतो. जुन्या नटाचार्यांनी मला इतका काळ फसवले, म्हणून रडतो. पुढे तो भिक्षू होतो आणि अर्हतपदाला पोचतो. हसवण्याच्या धंद्यावर धर्माने घेतलेला इतका थेट आक्षेप मला दुसरीकडे आढळलेला नाही. त्याला बगल देऊन हॉलिवूडच्या जुन्या स्लॅपस्टिक चित्रपटांच्या गोडीविषयी बोलणे मला अपुरे वाटते. त्या चित्रपटांत माणूस घसरतो, आपटतो, त्याच्या अंगावर घर कोसळते, आणि अंधारात बसलेली माणसे खदखदून हसतात. बुद्धांचा आक्षेप याला लागू नसेल तर कशाला लागू असेल?

हा प्रश्न बडोद्याचा म्हणून विचारावा असे मला वाटते, आणि त्याला दोन आधार आहेत. पहिला आधार चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठीला देणारा हा लेखक पोटापाण्याने पालीचा प्राध्यापक होता. बडोदा कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, संस्थानच्या दप्तरखान्यात काम केले, जातककथा मराठीत आणल्या, गौतमाचे चरित्र लिहिले. म्हणजे ज्या भाषेत हसवणाऱ्याला नरक सांगितला, ती भाषा दिवसा शिकवणारा माणूस त्याच शहरात बसून अवघ्या महाराष्ट्राला हसवत होता. तालपुटाची गोष्ट अशा अभ्यासकाला अनोळखी असण्याचा संभव फार कमी. दुसरा आधार बडोद्याची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला. याच मालेत १९२६ साली मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या टीकेसह प्रसिद्ध झाला. पहिल्या सात अध्यायांच्या या खंडात रसांचा सहावा अध्याय आला, आणि त्यात हास्यरसही. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात लिहिलेली ती टीका बडोद्यातून प्रसिद्ध होत होती त्याच काळात अमेरिकेत बस्टर कीटन, चार्ली चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड आपले सर्वोत्तम मूकपट करत होते. एकमेकांची वार्ताही नसलेली ही दोन कामे एकाच प्रश्नाला भिडत होती, असे मी मानतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. उत्तम स्लॅपस्टिकची गोडी दुसऱ्याच्या वेदनेत नसते. माणसाने अंगावर चढवलेला मान आपल्या डोळ्यांदेखत गळून पडतो आणि तरीही माणूस शाबूत राहतो, हे पाहण्यात ती असते. म्हणून या प्रकारातले उत्तम काम बुद्धांच्या कसोटीलाही उतरते. यासाठी एकच चित्रपट नीट पाहू: कीटनचा १९२८ सालचा ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’. नदीवर जुनाट आगबोट चालवणारा एक आडदांड बाप मुलाची वाट पाहत असतो. मुलगा बॉस्टनहून शिकून येतो तो बारीक मिशी, डोक्यावर बेरे टोपी आणि हातात युकुलेली घेऊन. बापाची मान खाली जाते. तो त्याला टोप्यांच्या दुकानात नेतो आणि एकामागून एक टोपी त्याच्या डोक्यावर चढवत राहतो. प्रत्येक टोपीसरशी मुलगा निराळा माणूस होतो आणि एकही बापाला पसंत पडत नाही. मग शेवटाकडे वादळ येते. घरे उडतात, झाडे उपटतात, आणि भर रस्त्यात गोंधळून उभ्या असलेल्या या पोराच्या मागे एका दुमजली घराची दर्शनी भिंत सबंधच्या सबंध सुटते. ती सरळ त्याच्यावर पडते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या उभ्या देहाभोवती येते आणि तो जिथे होता तिथेच उभा राहतो. क्षणभर त्याला काय झाले हेच कळत नाही. मग तो आजूबाजूला पाहतो आणि पळत सुटतो. ही भिंत कापडाची नव्हती. तिचे वजन सुमारे दोन टन होते आणि खिडकीत त्याच्या खांद्यांच्या कडेला काही इंचांचीच मोकळीक होती. उभे राहण्याची जागा थोडी जरी चुकली असती तर तो तिथेच मेला असता.

आता बुद्धांच्या आक्षेपाचा शेवटचा भाग आधी घेऊ: नट स्वतः मत्त आणि बेसावध असतो. कीटनच्या बाबतीत हे लागूच पडत नाही. पोरवयात तो आईबापांबरोबर व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर उभा राही, आणि बाप त्याला उचलून सामानासारखा फेकी. तिथेच त्याच्या ध्यानात आले की आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात. पुढे स्वतःच्या चित्रपटांत त्याने चेहरा निश्चल ठेवला. भिंतीच्या प्रसंगात त्या चेहऱ्यावर भीती नाही, शौर्य नाही, आणि पाहा मी काय करतो आहे, हा भाव तर मुळीच नाही. हीच युक्ती त्याने १९२०च्या ‘वन वीक’मध्ये हलक्या भिंतीवर करून पाहिली होती, आठ वर्षांनी तिला खरे वजन दिले. १९२४च्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये रेल्वेच्या टाकीतून कोसळणाऱ्या पाण्याखाली त्याची मान दुखावली, आणि ते हाड मोडले होते हे पुष्कळ वर्षांनी एक्स-रेमध्ये दिसले. ज्या कामात एका इंचाची बेसावधता प्राण घेते, ते काम प्रमादाचे म्हणता येत नाही. पाली ग्रंथ ज्याला अप्रमाद म्हणतात, त्याचे लौकिक क्षेत्रातले याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. आणि प्रेक्षकाकडूनही तो तेच मागतो. कीटन अशा जागी कॅमेरा दूर ठेवतो आणि दृश्य तोडत नाही. सबंध देह, सबंध भिंत, मधली हवा, सगळे एकाच चौकटीत असते. पाहणाऱ्याची नजर क्षणभर ढळली तर विनोद हातचा जातो.

द्वेषाचा आक्षेप जास्त जड आहे, आणि त्याला युरोपातूनही पाठबळ आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या मते हसणे म्हणजे दुसऱ्याच्या उणेपणासमोर आपल्या थोरपणाची अचानक झालेली जाणीव. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली लिहिले की हसताना हृदयाला तात्पुरती बधिरता यावी लागते. करुणा जागी असेल तर हसू फुटत नाही. हे दोघे खरे असतील तर पडलेल्याला हसणारा प्रत्येक जण थोडा थोडा निर्दय होत जातो. पण पुरावा तसा दिसत नाही. चॅप्लिनने १९१८ साली आपल्या कामाविषयी लिहिताना एक निरीक्षण नोंदवले आहे. सज्जातून आइस्क्रीमचा गोळा खाली बसलेल्या श्रीमंत बाईच्या मानेवर पडला की प्रेक्षक हसतात. तोच फरशी पुसणाऱ्या बाईवर पडला असता तर त्यांना तिची कीव आली असती. गोळा तोच, थंडी तीच, दचकणेही तेच. वेदनेला हसायचे असते तर दोन्हीकडे सारखेच हसू आले असते. प्रेक्षकांचा समुदाय, ज्याला आपण उथळ समजतो, तो कोणी न शिकवता हा विवेक करतो. त्याचे हसू प्रतिष्ठेवर जाऊन थांबते, माणसापर्यंत पोचत नाही. अभिनवगुप्ताने याची चौकट आधीच घालून दिली होती. हास्याच्या मुळाशी त्याने अनौचित्य ठेवले: जिथे जो भाव शोभत नाही तिथे तो धरून बसणे. रावणाने सीतेवर केलेले प्रेम शृंगार न होता हास्याकडे झुकते ते यामुळे. त्याच्या मते तर ज्याचा जो आप्त नाही त्याच्यासाठी केलेला शोकही हास्यास्पद ठरू शकतो. म्हणजे हसण्याचा विषय माणूस नाही. माणूस आणि त्याने घेतलेला पवित्रा यांच्यातली विसंगती हा विषय आहे. बर्गसाँला ही विसंगती दिसली होती, यंत्रवत्‌ वागणाऱ्या जिवंत देहाचे त्याचे विवेचन आजही उपयोगी आहे. पण तिच्यासाठी करुणा निजवावी लागते हे त्याचे मत मला पटत नाही. टोप्यांच्या दुकानात आपण हसतो ते बापाच्या हट्टाला, आणि त्याच वेळी त्या मुलाविषयी जीव कळवळतो.

येथे लॉरेल आणि हार्डी यांचा १९२९चा ‘बिग बिझनेस’ समोर ठेवला जाईल, आणि ते योग्यही आहे. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात हे दोघे दारोदार नाताळची झाडे विकत हिंडतात, एका घरमालकाशी त्यांचे बिनसते, आणि मग ते त्याचे घर मोडतात, तो त्यांची मोटार मोडतो. यात द्वेष नाही तर काय आहे? द्वेष आहेच, पण तो कसा दाखवला आहे ते पाहावे. एक जण मोडत असताना दुसरा शांतपणे उभा राहून पाहतो. आपली पाळी येईपर्यंत थांबतो. खऱ्या रागात जी आंधळी घाई असते ती काढून टाकली की मागे रागाचा नुसता सांगाडा उरतो, आणि तो इतका मूर्ख दिसतो की त्यात सामील व्हावेसे कोणाला वाटत नाही. द्वेष भडकवणारे नाट्य आपल्याला एका पक्षात उभे करते. इथे पक्षच उरत नाही.

अधिक सूक्ष्म शंका अशी की हे हसू फार जोराचे असते. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि शेवटचे दोन अधम पात्रांच्या वाट्याला दिले. पाली अभिधम्मात अर्हताच्या स्मितासाठी एक स्वतंत्र चित्तच मानले आहे, पण ते स्मित आहे, पोट धरून हसणे नाही. सिनेमागृहातला गडगडाट या मोजणीत तळाशीच जाणार. मला वाटते, ही प्रतवारी हसणाऱ्याच्या शिष्टाचाराची आहे. हसू कोणावर आणि कशासाठी आहे, हे ती मोजत नाही. साहेबाने दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून केलेले मंद स्मित भरताच्या यादीत वर बसेल आणि तरी ते क्रूर असेल; भिंत पडल्यावर उठलेला हशा खाली बसेल आणि तरी निर्मळ असेल. त्या अर्हताच्या स्मितातूनच मला उलट आधार मिळतो. मान हे पाली परंपरेत सर्वांत चिवट बंधनांपैकी एक आहे. अनागामी अवस्थेपर्यंत पोचलेल्यालाही ते सुटलेले नसते, ते अर्हतपदी सुटते. ते सुटल्यावरही त्या परंपरेने हसू शिल्लक ठेवले. म्हणजे हसणे आणि मान यांचे लग्न लागलेले नाही. दीड तासाच्या चित्रपटाने कोणाचा मान कायमचा सुटत नाही, आणि ही साधना आहे असा माझा दावाही नाही. तालपुटाला त्याच्या आचार्यांनी स्वर्गाचे जे आश्वासन दिले होते ते खोटेच होते. मी एवढेच म्हणतो की हे चित्रपट आसक्ती, द्वेष आणि मोह या तीन विषांपैकी एकालाही खतपाणी घालत नाहीत आणि मान या बंधनाची गाठ घटकाभर सैल करतात.

‘हे चित्रपट’ म्हणताना मात्र सगळे धरता येत नाहीत. स्वतः कीटन १९२७च्या ‘कॉलेज’मध्ये तोंडाला काळे फासून कृष्णवर्णी वाढप्याचे सोंग घेतो. त्या काळच्या अनेक विनोदपटांत माणसाचा रंग, लठ्ठपणा, तोतरेपणा हाच विनोद असतो. तिथे बुद्धांचा आक्षेप पुरेपूर लागू आहे आणि कालमानाची सबब देऊन तो पुसता येणार नाही. नाट्यशास्त्राने हास्याच्या कारणांत विकृत वेषाबरोबर व्यंगदर्शनही मोजले आहे. तिथे मी भरताशी सहमत नाही. घसरणे ही घटना आहे, ती कोणावरही येते, म्हणून हसणारा तीत स्वतःलाही पाहू शकतो; शरीराची ठेवण ही घटना नव्हे. हा भेद आपल्याकडच्या उदाहरणातही लागतो. चिं. विं.चा चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले. त्या शब्दांचा जरा सैल वापर करून म्हणावेसे वाटते की चिमणरावाच्या कथनात परस्थ हसू उरतच नाही, वाचक त्याच्या बाजूला बसून हसतो. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’मध्ये चिमणराव पडद्यावर आणला आणि ती भूमिका दामुअण्णा मालवणकरांनी केली. दामुअण्णांचा तिरळा डोळा महाराष्ट्राला पाठ होता. ते मोठ्या ताकदीचे विनोदी नट होते, त्यांना डोळ्याची गरज नव्हती. तरी प्रेक्षकांचा पहिला हशा पुष्कळदा त्या डोळ्याला मिळत असे, आणि त्या हशाला मी निर्मळ म्हणणार नाही.

हॅरल्ड लॉइडला हा भेद कळला होता असे मला वाटते. १९१९ साली छायाचित्र काढून घेताना, नकली समजून हातात धरलेला बाँब फुटला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. पुढे तो पडद्यावर कृत्रिम बोटे बसवलेला हातमोजा घालून वावरला, प्रेक्षकाला कळू नये अशा बेताने. १९२३च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हात तोच आहे. आठ बोटांचा माणूस घड्याळाला लटकतो आहे, ही जाहिरात त्याला सहज करता आली असती आणि गर्दीही जमली असती. त्याने ती केली नाही.