आधी कोण आलं?

शेतीची सरकारी योजना मिळवणं म्हणजे आता महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरणं. ठिबक, ट्रॅक्टर, शेततळ्याचं अस्तरीकरण, सगळं तिथंच. तुमचं घर गावाकडं असेल तर ‘ओटीपी आला का बघ’ असे फोन तुम्हालाही येत असतील. जालन्याकडच्या आमच्या भावकीतले बरेच अर्ज मी पुण्यातल्या खोलीवर बसून भरतो.

आधी या अर्जांची सोडत निघायची. 2025 मध्ये ती बंद झाली आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. गावात बहुतेकांना बरं वाटलं. वर्षानुवर्षं नंबर न लागलेले लोक होते, आणि नशिबावर शेती आधीच पुरेशी चालते. रांगेवर आपला विश्वासही असतो. रेशनच्या दुकानात मध्येच घुसणाऱ्याला आपण ओरडतो ते त्यामुळंच.

पण रांग न्याय्य असते ती सगळे एकाच रस्त्यानं चालत येणार असतील तर. इथं अर्जाला फार्मर आयडी लागतो, आणि त्याला सातबाऱ्यावर नाव. काका गेल्यापासून माझ्या काकूची वारसनोंद भावकीच्या वादात अडकली आहे. मोसंबीला पाणी ती देते, फवारणी ती करते. कागदावर ती शेतकरी नाही. बटईनं करणाऱ्यांचंही तेच. मी तिला नवा नियम समजावला तर म्हणाली, “आधी कोण आलं हे कसं ठरवतात रे? मी तर तीस वर्षं झाली इथंच आहे की.”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

नंबर लागला तरी पुढं पूर्वसंमती, खरेदी, तपासणी, आणि मग खात्यात पैसे. ठिबकला अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान, बाकीच्यांना 75. ऐकायला लहान शेतकऱ्याला झुकतं माप. पण आधी पूर्ण रक्कम उभी करायची असते, आणि ती कुणाला लवकर जमते हे सांगायला नको.

लॉटरीची बाजू घ्यावीशी वाटते ती एका कारणासाठी. लॉटरीत हरलेल्याला कुणी दोष देत नाही. रांगेत हरलेल्याला मात्र सांगितलं जातं, तू उशीर केलास. नशिबाचा अन्याय उघडा असतो. वेगाचा अन्याय कष्टाचे कपडे घालून येतो.

हाच नियम जमिनीखालीही चालतो. शेततळं पावसाचं पाणी अडवायला. पण दुष्काळी भागात कित्येक ठिकाणी ते प्लास्टिकनं मढवून विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. खालचं पाणी सगळ्यांचं, पण ज्याची मोटर आधी सुरू झाली त्याचं ते होतं. जलसंधारणासाठी दिलेलं अनुदान मग शेजाऱ्याची विहीर कोरडी करायला हातभार लावतं.

दुसरा हिशोब महाराष्ट्रात करून झालेला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजलं गेलं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. तुझ्याकडं सातबारा आहे का, यापेक्षा घरात खाणारी तोंडं किती, हा प्रश्न आधी.

हे ऐकून लगेच ‘बस्स, हेच हवं’ म्हणावंसं वाटतं. पण तोंडं मोजायला माणसं एकत्र बसावी लागतात, आणि आमच्याकडं एकत्र बसलं की मोठ्या आवाजाचाच माणूस जिंकतो. पोर्टल लोकांना आवडलं ते उगाच नाही. त्याला नमस्कार घालावा लागत नाही, त्याच्या पोराच्या लग्नात मिरवावं लागत नाही. काकूसुद्धा म्हणते, माणसापेक्षा मशीन बरं.

तरी पोर्टलच्या अलीकडं एक छोटी रांग उरतेच, आणि ती मी लावतो. कुणाचा अर्ज आज, कुणाचा रविवारी. पोर्टलला दिसते ती माझ्या बोटाची वेळ.

दिवाळीत गावी गेलो की आधी तलाठ्याकडं, काकूच्या वारसनोंदीसाठी. बाकीच्यांचे ओटीपी नंतर. चुलतभाऊ आत्ताच रागावलाय. त्याचं म्हणणं, फोन त्यानं आधी केला होता.