'बघू' या शब्दाचा अर्थ

छोट्या दुकानात नव्या कल्पनेला कुणी 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. 'दिवाळी होऊ दे, मग बघू.' मोठ्या कंपनीत विरोध करायला मीटिंग असते, ईमेल असतो, कधी युनियनही असते. चार माणसांच्या दुकानात मालकाच्या मुलाने काही सुचवलं, की ती सूचना राहत नाही, हुकूम होतो. हुकमाला तोंडावर नकार देता येत नाही, म्हणून मग 'बघू'.

हा 'बघू' कसा मोडून काढायचा, याचे सल्ले यूट्यूबवर हवे तेवढे मिळतात. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो मोडून काढायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? कल्पना चांगली आहे, एवढं कारण पुरेसं आहे का?

आपल्याकडे या विषयावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण हमखास दिलं जातं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. गोष्टीचं तात्पर्यही ठरलेलं: द्रष्टा माणूस चिकाटी सोडत नाही, आणि अडाणी लोक शेवटी वळणावर येतात.

पण जरा शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब मांडून बघा. प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहणार. शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जाणार. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देणार. लोखंडी मोडला तर कुणाकडे न्यायचा? विषाची समजूत खोटी होती, पण धोका खरा होता. माणसं पुष्कळदा खऱ्या भीतीसाठी चुकीचं कारण सांगतात. ते कारण खोडून काढलं की वाद आपण जिंकतो, भीती मात्र तिथेच राहते.

आमचं नाश्त्याचं दुकान आहे. गल्ल्यावर वीसेक वर्षं एकच काका बसतात. यूपीआय २०१६ साली आलं. आमच्याकडे पुढेही काही वर्षं रोखीचाच व्यवहार होता. मी क्यूआर कोड लावायचं काढलं, तेव्हा काका चार महिने 'बघू' म्हणत राहिले. 'त्यांना मोबाईल कळत नाही,' असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण हेच काका दर महिन्याला मुलीला फोनवरून पैसे पाठवायचे. म्हणून एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, "काका, नेमकी अडचण काय आहे?"

"पैसे तुझ्या फोनवर जाणार," ते म्हणाले. "आले की नाही, मला कसं कळणार? सकाळच्या गर्दीत एखादा नुसती स्क्रीन दाखवून निघून जाईल. संध्याकाळी हिशोब लागला नाही, तर दादा कुणाला विचारणार?"

दादा म्हणजे माझे वडील. आणि दुकानाचा न लिहिलेला नियम असा, की गल्ल्यात तूट आली तर ती गल्ल्यावरच्या माणसाच्या पगारातून जायची. काकांचा विरोध क्यूआर कोडला नव्हताच. त्यांचा हात जिथे पोचत नाही अशा पैशांची जबाबदारी त्यांच्यावर येत होती, आणि ते तिला नकार देत होते. दादांशी बोलून आधी तो नियम बदलला: ऑनलाइन पैशांची तूट दुकानाची. मग कोड लागला. पुढे रक्कम मोठ्याने सांगणारा तो छोटा स्पीकर आणला. काकांची अडचण नेमकी तीच होती, जी सोडवायला तो बनलाय.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक विरोधात एवढं शहाणपण नसतं. खरंच नसतं. उधारीची वही ज्याच्या हातात, त्याचा दुकानात वट असतो, आणि तो जाऊ नये म्हणूनही 'बघू' म्हटलं जातं. निव्वळ सवयीचाही विरोध असतो. शिवाय सगळ्यांची समजूत निघेपर्यंत थांबलं, तर दुकानच बंद पडेल आणि पगार सगळ्यांचेच जातील.

म्हणून मी एकच प्रश्न आधी विचारतो: हे फसलं तर कुणाचं काय जाईल? फक्त माझं जाणार असेल, तर उद्यापासून सुरू करावं. दुसऱ्याचं जाणार असेल, तर आधी तो तोटा माझ्याकडे घ्यावा. घेतल्यावरही समोरचा 'बघू'च म्हणत असेल, तर त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून पुढे जावं. नाराजी सगळ्यांनाच थोडीफार सोसावी लागते. पण तोटा त्याच्या पगारात ठेवून त्यालाच 'काळाबरोबर बदला' असं सांगणं, आणि त्याला स्वतःचं धाडस म्हणणं, याला माझी जीभ रेटत नाही.