पहिला प्रश्न कोणता?

माझ्या एका भाचीला पंधराव्या वर्षापासून पाळीच्या दिवसांत अंथरुणातून उठवत नसे. "बाईच्या जातीला हे चालायचेच," असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया तिला ओव्याचे गरम पाणी देत. पुढे "लग्न झाले की थांबेल" आणि लग्नानंतर "एक मूल झाले की थांबेल" असे सांगण्यात आले. हे दुखणे एंडोमेट्रिऑसिसचे आहे, हे कळायला अकरा वर्षे गेली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली त्या संध्याकाळी घरातला पहिला प्रश्न होता, "मग मुलाचे काय?" तुला किती दुखते, असे तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते.

या आजारात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा पेशींचा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, रक्ताळतो. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. कालांतराने आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के मुली व स्त्रियांना हा विकार असतो. रविवारच्या मिस्सेला भरलेल्या बाकांकडे पाहून हा आकडा मनाशी मोजावा.

संप्रेरकांच्या गोळ्यांनी अनेकींना उतार पडतो. तो न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र या एका शब्दात अनेक निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दुर्बिणीतून पाहून रोगट डाग जाळता येतात किंवा मुळापासून कापून काढता येतात. डाग खोल रुजले असतील तर जाळणे वरवरचे ठरते. कापून काढावे तर आतड्याला, मूत्रवाहिनीला इजा होण्याची धास्ती. अंडाशयात जुने काळपट रक्त साठून होणाऱ्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. ती नुसती रिकामी केली तर बहुधा पुन्हा भरते. तिचे आवरण सोलून काढले तर त्याबरोबर अंडाशयातील काही निरोगी बीजेही जातात. म्हणजे मुलाचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही, हे मला मान्य आहे. शेवटचा उपाय म्हणजे आपल्याकडे ज्याला 'पिशवी काढणे' म्हणतात तो. पण बाहेरचे डाग तसेच राहिले तर पिशवी काढूनही वेदना उरू शकते. आणि दोन्ही अंडाशये काढली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. कोणता भार आपल्याला पेलवेल, हे त्या देहात राहणारीनेच सांगायचे असते.

"मूल होऊ द्या, बरे वाटेल" हा सल्ला तर आता वैद्यकशास्त्रानेही सोडला आहे. केवळ या आजारावर उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. मला त्यात आणखी एक अन्याय दिसतो. जे बाळ औषध म्हणून मागितले जाते, त्याचे स्वतःचे काय?

आपल्या काही भगिनींच्या मनात आणखी एक भय असते : गर्भाशयाला हात लावणे हे पाप तर नव्हे? पोप सहावे पॉल यांचे १९६८ सालचे 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक संततिप्रतिबंधाबाबत किती कठोर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात म्हटले आहे की, शारीरिक व्याधी बरी करण्यासाठी आवश्यक असलेले उपचार वर्ज्य नाहीत. त्यामुळे अपत्यप्राप्तीत अडथळा येईल हे आधीच दिसत असले तरीही. अट एवढीच, की तो अडथळा हाच हेतू नसावा. प्रवचनांतून या परिच्छेदाचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही.

उलट टोकाचा अपराधही आपल्याच राज्यात घडला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. एकीकडे वेदनेने पिळवटलेल्या स्त्रीला वंशासाठी थांबवले जाते. दुसरीकडे गरीब मजुरिणीची पिशवी घाईने काढली जाते. दोन्हीकडे तिला कोणी विचारलेले नसते.

शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री मला अलीकडे वारंवार आठवते. वैद्यांच्या पायी तिची सारी पुंजी संपली होती. गर्दीत प्रभू तिच्यासाठी थांबला आणि तिला कन्या म्हणाला. तिला मुले होती की नव्हती, हे मार्काने लिहिलेले नाही.

पुढच्या महिन्यात भाचीची शस्त्रक्रिया आहे. गर्भाशय राखायचे, चिकटलेले अवयव मोकळे करून डाग कापून काढायचे, असे तिने ठरवले आहे. आतड्याला इजा होण्याची शक्यता किती, हे तिने सर्जनना दोनदा विचारून घेतले. "मामा, एकदा वाचून बघा," म्हणून संमतिपत्राचा कागद तिने माझ्याकडे दिला आहे. अजून सही केलेली नाही.