सेवेचा हेतू आणि सेवेचे ऋण

‘सेवा’ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. परंतु त्याच्या पोटात दोन परस्परविरुद्ध अर्थ नांदत आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पोटासाठी दुसऱ्याची केलेली सेवा ही कुत्र्याची वृत्ती म्हणून त्याज्य ठरविली आहे. उलट नवविधा भक्तीत पादसेवनाला मानाचे स्थान आहे. ‘सेव्’ धातूचा मूळचा भाव जवळ राहणे, लागून राहणे हा. म्हणूनच आपण तीर्थसेवनही म्हणतो आणि औषधसेवनही. हा धातू आत्मनेपदी आहे, तेव्हा सेवेचे फळ करणाऱ्याकडेच जाते असे कोणी गमतीने म्हणेल. परंतु कर्तृगामी फळाचा तो नियम उभयपदी धातूंपुरता आहे, त्यामुळे व्याकरणाच्या आधारे हा वाद मिटण्यासारखा नाही.

वाद उपस्थित झाला तो दिल्लीस राहणाऱ्या एका महाराष्ट्रीय सद्गृहस्थांच्या पत्राने. २०२३ सालच्या जुलैत उत्तरेत अतिवृष्टी झाली. ९ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत १५३ मिलिमीटर पाऊस पडला. जुलैतील एका दिवसात इतका पाऊस तेथे १९८२ नंतर पडला नव्हता. १३ तारखेस यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. त्या आठवड्यात या गृहस्थांच्या तळमजल्यावरील घरात गुडघाभर पाणी शिरले. ते स्वतः कामानिमित्त परगावी होते, घरी वृद्ध मातुःश्री एकट्या. अशा वेळी पांढरे सदरे घातलेले आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले दोन तरुण आले. त्यांनी धान्याचे डबे, अंथरुणे आणि देव्हारा शेजाऱ्यांच्या माडीवर नेऊन ठेवला. देव्हाऱ्याला हात लावण्यापूर्वी त्यांनी पायांतले काढले, हे मातुःश्री मुद्दाम सांगतात. पाणी ओसरल्यावर दोन दिवस ते चिखलही उपसत होते. हे तरुण मॉर्मन नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक होते. पुढील आठवड्यात ते पुन्हा आले आणि आपल्या धर्माविषयी थोडे बोलावे काय, असे त्यांनी विचारले. गृहस्थांनी ‘नको’ म्हणून दार लावून घेतले. तरुण नमस्कार करून निघून गेले.

मातुःश्रींना हे रुचले नाही. पुढे १४ जानेवारीस मायलेक पानिपतास काला अंब येथे गेले. तेथील स्मारकापाशी मातुःश्री एवढेच म्हणाल्या, “अरे, इथून पळालेल्या आपल्या माणसांना जाटांनी जेवू घातलं, तेव्हा त्यांचा हेतू कुणी विचारला होता का?” मुलाला उत्तर सुचले नाही, म्हणून त्याने पत्र लिहिले. तो विचारतो: मनात हेतू धरून केलेली सेवा ही सेवाच होय काय? आणि ती आपण स्वीकारली असेल, तर तिचे ऋण कसे फेडावे?

प्रथम त्या तरुणांविषयी यथार्थ माहिती असावी. हा पंथ अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केला. युटा प्रांतातील सॉल्ट लेक सिटी हे त्याचे केंद्र. त्यातील तरुण ऐन विशीच्या आसपास दोन वर्षे घर सोडून प्रचारास जातात. त्यांना वेतन नाही. खर्च ते स्वतः किंवा त्यांचे कुटुंबीय सोसतात. दोघांनी नेहमी जोडीने राहावयाचे, आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यास, बाजारास आणि घरी खुशाली कळविण्यास मिळावयाचा, बाकीचे दिवस प्रचार व सेवा, असा त्यांचा नेम आहे. महाराष्ट्राला हा पंथ अगदी अपरिचित नाही. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे एक स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरले आणि पुण्यास राहिले. मराठीचा अभ्यास करून त्यांनी मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. पुण्यात जी मंडळी त्यांना मिळाली ती मूठभरच. १८५५ साली ते परतले आणि त्यांचे काम मागे फारसे टिकले नाही. परक्या भाषेचे शब्द घोटण्यात ज्याने वर्षे घालविली आहेत, अशा भाषांतरकाराला तीन पावसाळे मराठीच्या विभक्तींशी झुंजणाऱ्या त्या गृहस्थांविषयी थोडा आदर वाटल्यावाचून राहत नाही, मग त्यांच्या मतांशी त्याचे जमो वा न जमो.

आता हेतूचा विचार. ‘निष्काम’ या शब्दाचा अर्थ ‘निर्हेतुक’ असा करण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. गीतेत सेवा हा शब्द चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात येतो, आणि तेथे प्रणिपात व परिप्रश्न यांच्या जोडीने सेवा सांगितली आहे ती ज्ञान मिळावे म्हणून. शिष्य गुरूच्या घरी समिधा आणतो, गाई राखतो. त्याला काही हवे आहे हे गुरूही जाणतो आणि शिष्यही. तरी त्या सेवेला कोणी हीन म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात ज्ञानी पुरुषाने अनासक्त राहून कर्म करावे असे सांगताना त्याला लोकसंग्रहाची इच्छा असते, हेही भगवंतांनी मान्य केले आहे. तेव्हा केवळ इच्छा असणे हा दोष नव्हे. दोष कोठे शिरतो ते सतराव्या अध्यायातील दानाच्या विवेचनात दिसते. परतफेडीसाठी दिलेले दान राजस, आणि ज्याच्याकडून परतफेड व्हावयाची नाही त्याला केवळ कर्तव्य म्हणून दिलेले सात्त्विक. म्हणजे परीक्षा आहे ती देण्याघेण्याच्या संबंधाची: घेणाऱ्याने मोबदला दिला नाही, तर देणाऱ्याचा हात आखडतो काय?

माझ्या मते या परीक्षेला पावसाचा आठवडा फार उपयोगी पडतो. मुसळधार पावसात कोणी दार उघडून धर्मचर्चेला बसत नाही. अशा आठवड्यात प्रचारकाच्या टाचणवहीत लिहिण्याजोगे काही उरत नाही. उरतो तो म्हातारीच्या घरातला चिखल. तो उपसावयास जो जातो, त्याच्या त्या दिवसाच्या कर्मात हेतू असलाच तर दूर कोठेतरी आहे, हाताशी फक्त घमेले आहे. मात्र हाच प्रचारक भुकेल्यापुढे ताट ठेवून, ‘आधी आमचे ऐक’ असे म्हणाला असता, तर ती सेवा राहिली नसती. तो दुसऱ्याच्या आपत्तीवर मांडलेला बाजार झाला असता. हरियाणा राज्याने २०२२ साली आमिष, बळजबरी किंवा कपट यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला तो अशाच व्यवहाराला आळा घालावा म्हणून. परंतु कायदा पाहतो ते आमिष. अंतःकरण पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नाही आणि तुमच्याआमच्याजवळही नाही. पत्रातील तरुणांनी आधी चिखल काढला, नंतर विचारले, आणि नकार मिळताच नमस्कार केला. एवढ्यावरून त्यांच्यावर आमिषाचा आरोप करणे मला न्याय्य वाटत नाही.

मातुःश्रींनी काढलेली काला अंबची गोष्ट याहून अधिक गुंतागुंतीची आहे. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर हे स्थान आहे. आता तेथे विटांचा स्तंभ आहे. ज्याची पाने रक्ताने काळवंडली असे सांगतात तो आंबा केव्हाच गेला. १७६० सालच्या पावसाळ्यातही यमुना अशीच फुगली होती. ऑगस्टात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, पलीकडच्या तीरावर अब्दाली, आणि मध्ये पूर. नदीने दोन्ही सैन्यांना ऑक्टोबरपर्यंत थोपवून धरले. भरतपूरचा राजा सुरजमल जाट त्यापूर्वी मराठ्यांच्या बाजूस होता. बायकामुले व जड सामान मागे ठेवावे आणि गनिमी काव्याने लढावे, असा त्याचा सल्ला होता. तो मानला गेला नाही, त्याचा मानही राखला गेला नाही, आणि तो दिल्लीहून आपल्या मुलखात निघून गेला.

१४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले ते मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यानंतर ऐन थंडीत उघडेवाघडे, जखमी, उपाशी असे हजारो लोक दक्षिणेच्या वाटेला लागले आणि त्यांची वाट सुरजमलच्या राज्यातून जात होती. ज्यांनी आपला शब्द झुगारला त्यांच्यावर सूड घेण्यास याहून सोपी संधी नव्हती. त्यासाठी काही करावेही लागले नसते, दरवाजे बंद ठेवणे पुरे होते. सुरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न दिले, वस्त्रे दिली, जखमांवर उपचार करविले आणि ग्वाल्हेरच्या दिशेने सुखरूप मार्गस्थ केले. बाजीराव-मस्तानीचे पुत्र शमशेरबहादूर जखमांनी त्याच मुलखात वारले. त्यांची कबर भरतपुरास आहे. विजयी अब्दाली अजून जवळच होता, त्याचा रोष ओढवेल हे राजाला कळत नव्हते असे नाही.

आता कोणी म्हणेल की सुरजमल मुत्सद्दी होता. मराठे पुन्हा उठतील, त्यांची मैत्री कामास येईल, हा हिशेब त्याच्या मनात असेल. असेलही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने आग्ऱ्याचा किल्ला घेतला, तेव्हा तो काही संन्यासी नव्हता हे उघड आहे. परंतु थंडीने कुडकुडणाऱ्या शिपायाकडून घोंगडीचा मोबदला काय मिळावयाचा? तो घरी जिवंत पोहोचेल की नाही याचीही खात्री नव्हती. हिशेब असला तरी घोंगडी त्या हिशेबावर अडलेली नव्हती, एवढे आपल्याला दिसते, आणि एवढेच पुरेसे आहे. मातुःश्रींचे म्हणणे येथपर्यंत बरोबर आहे.

राहिले ऋण. याबाबत आपल्या इतिहासाची पाने फारशी उजळ नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. सुरजमल १७६३ च्या डिसेंबरात नजीबखानाच्या सैन्याशी लढताना मारला गेला. त्याचा मुलगा जवाहरसिंग पुढल्या वर्षी बापाचा सूड घेण्यासाठी दिल्लीवर चालून गेला, तेव्हा त्याने द्रव्य देऊन मल्हारराव होळकरांची मदत घेतली. मल्हाररावांनी मनापासून लढाई केली नाही आणि नजीबाशी समेटाची बोलणी केली, असे इतिहासकार लिहितात. त्यांची राजकारणे त्यांना ठाऊक. परंतु तीनच वर्षांपूर्वी ज्या घरी आपली माणसे जेवली, त्या घरचा मुलगा दारात उभा असताना असे घडावे, याची खंत वाटते. ऋण होते, आणि ते फेडण्याची वेळही समोर आली होती.

मात्र ऋण म्हणजे काय, याचीही मर्यादा ठरविली पाहिजे. सुरजमलने निर्वासितांना अन्न दिले म्हणून मराठ्यांनी आपले दैवत किंवा आपली निष्ठा त्याच्या स्वाधीन करावी, असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यानेही ते मागितले नव्हते. उपकाराची फेड उपकाराच्या जातीची असते: अन्नाची अन्नाने, संकटात दिलेल्या हाताची संकटात दिलेल्या हाताने. श्रद्धा ही त्या जातीची वस्तू नव्हे. चिखल काढल्याच्या बदल्यात धर्मचर्चा ऐकून घेतली, तर ऐकणाऱ्याने तरी सेवेचा सौदा केलाच. समोरच्याने न मागितलेला भाव त्याने आपण होऊन चुकता केला. तेव्हा चर्चेला नकार देण्यात या गृहस्थांचे काही चुकले नाही.

चुकले ते दार लावण्यात. ज्यांनी देव्हारा उचलताना पायांतले काढले, त्यांना ओट्यावर बसवून पाणी देणे, घरच्या मंडळींची व त्यांच्या गावाची विचारपूस करणे, आणि ‘तुमच्या धर्माविषयी मला बोलावयाचे नाही, परंतु तुम्ही आईला सांभाळलेत’ एवढे तोंडावर सांगणे, हा गृहस्थाश्रमाचा साधा आतिथ्यधर्म होता. त्याला कोणतेही मत आड येत नव्हते. नकार आणि चहा ही दोन्ही एकाच ओट्यावर देता येतात. आमच्या पाठशाळेत शास्त्रार्थात हरलेल्या पंडितालाही जेवल्यावाचून जाऊ देत नसत, आणि हरलेला पंडित त्या जेवणासाठी मत बदलीतही नसे.

हे प्रचारक एका ठिकाणी फार दिवस राहत नाहीत. ते दोघे एव्हाना बदलून गेले असतील. त्यांचा ठावठिकाणा शोधून पैसे पाठविण्याचा विचार गृहस्थांनी पत्रात लिहिला आहे. तो करू नये. वेतन न घेता आलेल्या माणसाला मागाहून मजुरी पोहोचविणे म्हणजे मनूने त्याज्य म्हटलेल्या सेवेत त्याला नेऊन बसविणे होय. आभाराचे चार ओळींचे पत्र, आणि तेही मातुःश्रींच्या हातचे, त्यांच्या दिल्लीतील मंडळीकडे द्यावे. ते पुढे पोहोचवतील.